आधीचे आणि नंतरचे

टेपरेकॉर्डर दुरुस्त झाल्याचा निरोप आला, तसा चष्मेवाला दुकानाचं दार अर्धवट ओढून स्वतःच तो आणायला गेला. दुरुस्तीवाल्याने झाकणाचे स्क्रू पिळता पिळता सांगितलं, "मशीनमध्ये काही बिघाड नाही हो. पट्टा बदलला, हेड पुसलं. पण तुम्ही म्हणता तसा आवाज काही दबत नाही."

"माझ्याकडे दबतो."

"मग कॅसेटलाच विचारा," असं म्हणून दुरुस्तीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चष्मेवाल्याने मशीन पोटाशी धरून दुकानाचा रस्ता पकडला. रविवार होता, ऊन डोक्यावर होतं, आणि तीन वाजता मास्तर आणि मेहुणा येणार होते. घोगऱ्या गेला त्या दिवसाच्या आसपासच्या रविवारी हे तिघं दरवर्षी जमत. हार नाही, फोटो नाही. गाणी ऐकायची आणि भांडायचं, एवढाच कार्यक्रम.

घोगऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण चाहत्यांत दुसऱ्या नावाने त्याला कोणी ओळखतही नसे. घसा खरवडून गाणारा, गिटारची तार तुटली तरी न थांबणारा, ड्रमवाल्याला घाम फोडणारा माणूस. ही झाली त्याची पहिली दहाएक वर्षं. मग एकाएकी त्याचं काय बिनसलं कोण जाणे. ड्रम गेले, बाकीचे वादक गेले, हातात एक गिटार उरली आणि आवाज इतका खाली आला की मागच्या रांगेतल्यांना कान टवकारावे लागत. त्याला गोंगाट खपेनासा झाला. कार्यक्रमात कोणी मध्ये बोललं, खोकलं, की तो गाणं तिथेच सोडून गप्प बसे. हॉल पुन्हा शांत झाला की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू.

त्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. जुना घोगऱ्या खरा म्हणणारे ते 'आधीचे', आणि त्याला गाणं कळलं ते उशिराच, असं म्हणणारे ते 'नंतरचे'. चष्मेवाला हाडाचा आधीचा. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि नंतरचे होते. आपलं म्हणणं ते फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं पायरी पायरीने मांडत, त्यामुळे समोरच्याचा जीव जाई. मेहुणा, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, बस चालवायचा आणि ज्याचा चहा चांगला त्याच्या बाजूने बोलायचा.

पण चष्मेवाला 'आधीचा' असण्याला आणखी एक कारण होतं आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. लग्नानंतर लवकरच तो, बायको आणि मेहुणा घोगऱ्याच्या कार्यक्रमाला गेले होते. मेहुण्याने पिशवीत रेकॉर्डर लपवून सगळं टेप केलं. त्या टेपवर दुसऱ्या कडव्यानंतर गिटार क्षणभर थांबते, आणि त्या फटीत बायकोचा आवाज येतो, अगदी स्वच्छ: "अहो, वाजवा की टाळ्या, हात काय खिशात शिवलेत?"

तोवर ती त्याला 'अहो' म्हणत नव्हती. लाजायची. 'ऐकलं का', 'इकडे या', असं बिननावाचं चाललं होतं. त्या गर्दीत, त्या दणदणाटात तिच्या तोंडून पहिल्यांदा 'अहो' निघालं आणि नेमकं तेच टेपवर सापडलं. पुढे ती आजारी पडली आणि पस्तिशीही न बघता गेली. तिचा आवाज म्हणून या जगात तेवढंच एक वाक्य उरलं होतं. टेप झिजू नये म्हणून तो ते वर्षातून एकदाच ऐके. आणि गेली दोन वर्षं ते वाक्य खोल खोल जात चाललंय, अशी धास्ती त्याने घेतली होती.

ऐकायची जागा ठरलेली. दुकानाच्या मागे डोळे तपासायची खोली होती, तिला खिडकी नव्हती. दाराला जाड काळा पडदा, भिंतींना गडद रंग, आणि समोर अक्षरांची उजळलेली पेटी. बाहेर लख्ख दुपार असली तरी पडद्याच्या आत रात्र असे. स्पिरिटचा आणि घासलेल्या काचेचा वास तिथे मुरलेला होता. मास्तर पेशंटच्या खुर्चीत बसले, मेहुणा लेन्सच्या खोक्यावर टेकला आणि चष्मेवाल्याने उभ्यानेच बटण दाबलं.

टेपची सरसर सुरू झाली. मग गर्दी. मग गिटार.

एकच गिटार.

"ड्रम कुठे गेले?" मेहुणा म्हणाला.

ज्या गाण्यावर एके काळी पोरं खुर्च्यांवर चढून नाचत, ते गाणं एखाद्याने झोपलेल्या घरात दबकत चालावं तसं येत होतं. घोगऱ्या गात होता, शब्द तेच होते, पण प्रत्येक ओळीनंतर तो थांबत होता, दम घेत होता.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. अंधारातही त्यांचा चेहरा खुललेला कळत होता. "हे व्हर्जन कुठलं हो? माझ्याकडे नाही हे. इतकी वर्षं लपवून ठेवलंत?"

"मास्तर, ही तीच टेप आहे," चष्मेवाला म्हणाला.

"शक्य नाही. हे सरळ सरळ नंतरचं गाणं आहे. बघा, दुसऱ्या ओळीत तो कसा हात राखून..."

"माझ्या अक्षरात लिहिलंय वर," मेहुणा म्हणाला. "त्याच रात्रीची टेप. मीच भरली ना."

"मग मशीन हळू चालतंय."

"मशीन हळू चाललं तर आवाज जाड होईल. टाळ्या ऐका, टाळ्या बरोबर आहेत." एवढं बोलून मेहुण्याने खिशातून मोबाइल काढला. त्याने ती टेप फार पूर्वी मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती. त्याने गाणं लावलं. तिथेही एकच गिटार. तिथेही दम घेत घेत गाणारा तोच आवाज, दोन्हीकडून थोडा पुढेमागे, त्यामुळे खोलीत जणू दोन थकलेली माणसं एकामागून एक चालत होती. मेहुण्याने घाईने मोबाइल बंद केला आणि खिशात न ठेवता खोक्याखाली सरकवला.

चष्मेवाला आवाजाकडे कान लावून उभा होता. त्याच्या दुकानात दिवसभर म्हातारी माणसं येत. खालची अक्षरं वाचताना 'स' म्हटलं की कवळीतून जी बारीक शिट्टी निघते, ती त्याच्या ओळखीची होती. घोगऱ्याच्या 'स'मध्ये ती शिट्टी होती.

"याचे दात गेलेत," तो म्हणाला.

"काय?"

"मास्तर, हा सत्तरीच्या माणसाचा आवाज आहे. तो गेला तेव्हा पन्नाशीचाही नव्हता."

खरं तर इथे तिघांनीही उठून बाहेर उन्हात जायला हवं होतं. दुसरं कोणीही गेलं असतं. पण हे पडले चाहते. मास्तरांनी हनुवटीला हात लावला, विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझंच खरं. तो शेवटपर्यंत बदलत राहिला."

"शेवटपर्यंत?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "शेवट होऊन किती वर्षं झाली, मास्तर?"

"बरं, मग त्यानंतरही. पण गाणं सुधारलंय की नाही, तेवढं सांगा. आधी नुसता आरडाओरडा होता."

"सुधारलंय म्हणे. गाण्यातला जीव गेलाय," चष्मेवाला म्हणाला.

"जीव गेला म्हणजे सगळं गेलं असं थोडंच असतं," मास्तर म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं असावं, कारण पुढे सरकलेले ते खुर्चीत पुन्हा मागे टेकले.

दुसरं कडवं संपत आलं होतं. चष्मेवाला मशीनवर वाकला. घोगऱ्या म्हातारा झाला असेल तर तीही झाली असेल का? ती कशी म्हातारी झाली असती, हे त्याने कितीदा मनाशी रंगवलं होतं. हात बटणाकडे गेला आणि परत आला. ऐकावंसं वाटत होतं आणि ऐकवत नव्हतं.

गिटार थांबली. फट आली.

त्या फटीत काहीच नव्हतं. ना शिट्ट्या, ना ओरडणं, ना ते वाक्य. शेकडो माणसं श्वास धरून बसावीत तशी शांतता. मग गिटार पुन्हा सुरू झाली.

"ताई बोललीच नाही," मेहुणा पुटपुटला.

"कशी बोलणार," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "नंतरच्या काळात तो मध्ये कोणाला बोलू द्यायचा नाही."

चष्मेवाल्याने खाडकन टेप बंद केली. त्याला एवढं संतापलेलं कोणी पाहिलं नव्हतं. "माझं एक वाक्य होतं," तो म्हणाला. "तुमच्याकडे त्याची शंभर गाणी आहेत. मला त्यातलं एकही नको होतं. माझं एक वाक्य होतं आणि तेही तुमच्या या कलावंताने गिळलं. वर म्हणे सुधारला."

"चष्मेवाले, अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"मास्तर, आता तुम्ही या."

मास्तर उठले. मेहुणा पडद्यापाशी घुटमळला. "दाजी, मी थांबतो. नाहीतर घरी चला माझ्याबरोबर. ती टेप... ती राहू द्या इथेच."

"तू जा. मास्तरांना सोड घरी."

"दाजी..."

"जा रे बाबा."

दोघं गेले. त्यांची पावलं दुकानातून बाहेर गेली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली. चष्मेवाला पेशंटच्या खुर्चीत बसला. समोरच्या पेटीतली अक्षरं पांढऱ्या उजेडात ताटकळत उभी होती. मग त्याने टेप मागे घेतली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कान स्पीकरच्या जाळीला लावला.

दुसरं कडवं. फट.

आता आवाज मोठा केल्यावर कळलं, ती फट रिकामी नव्हती. कपड्यांची सळसळ होती. कोणीतरी नाकाने श्वास घेत होतं. आणि अगदी जवळ, रेकॉर्डरच्या पिशवीला लागूनच, बांगडी बांगडीवर आपटू नये म्हणून कोणीतरी मनगट हळूच दाबून धरलं. इतका बारीक आवाज दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. आजारपणात शेजारी झोपलेल्या नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून ती असंच करायची.

"आहेस ना?" तो जाळीत तोंड घालून म्हणाला. "बोल की. काहीही बोल. टाळ्या वाजवा म्हण."

गिटार सुरू झाली. तिसरं कडवं आलं. आणि त्याच वेळी बाहेर रस्त्यावर एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत गेला. मेहुण्याने जाताना दुकानाचं दार नीट लावलं नव्हतं.

घोगऱ्या थांबला.

शब्द अर्धाच राहिला होता. गिटारच्या तारांवर हात ठेवल्याचा आवाज आला. टेपची सरसर तेवढी चालू होती. चष्मेवाल्याने चाकांकडे पाहिलं. ती फिरत होती. बाहेर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं, सायकलची घंटा वाजत होती, आणि टेपवर सगळी माणसं तो आवाज जाण्याची वाट पाहत बसली होती.

मग जाळीतून, त्याच्या कानाच्या पाळीला लागूनच, दबक्या आवाजात कोणी बोललं. आवाज म्हातारा होता, थोडा थरथरणारा, साठीतल्या बाईचा. पण शब्द ओढायची लकब तिचीच.

"अहो... दार लावून घ्या ना. तो थांबलाय."

त्याला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त त्याला भरून आलं. केस पांढरे झालेली, चष्म्यावरून बघणारी, संसारात मुरलेली बाई नवऱ्याला जे सांगेल, तेच ती सांगत होती. तो "हो, हो," म्हणत लगबगीने उठला. पडदा बाजूला करून दुकानात आला. बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसलं. रस्त्याच्या पलीकडे मास्तर आणि मेहुणा अजून उभेच होते, हातवारे करत वाद घालत होते. मेहुण्याने त्याला पाहिलं आणि हात वर केला. चष्मेवाल्यानेही हात केला. मग दार आत ओढलं, खालचा बोल्ट सरकवला, वरचाही सरकवला. रस्ता एकदम गप्प झाला.

"लावलं हं," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

आतून काहीच आलं नाही. गाणं सुरू झालं नव्हतं. पडद्याच्या कडेने येणारा अक्षरांच्या पेटीचा उजेड मंद होत होत विझला, हॉलमधले दिवे मालवतात तसा. दुकानात स्पिरिटचा वास राहिला नव्हता. पावडरचा, घामाचा, दाटीवाटीने बसलेल्या माणसांचा वास पडद्याखालून येत होता. रस्त्यापलीकडून मेहुणा धावत येऊन दार बडवू लागला, "दाजी, दार उघडा," म्हणू लागला, आणि लगेच पडद्याआतून कितीतरी जणांनी एकदम त्याला गप्प करायला केलेला "शूऽऽ" ऐकू आला.

चष्मेवाला पडद्याला हात लावून उभा राहिला. नंतरच्या दिवसांत घोगऱ्याची एक सवय होती. शेवटचा माणूस जागेवर बसल्याशिवाय तो सुरू करत नसे.