दगड काठावर राहिले

होडी नाहीशी झाल्याचं कळलं ते सोमवारी सकाळी. सहलीची यादी तयार होती: गळ, गांडुळांचा डबा, तंबू, तीन दिवस पुरेल एवढा काळा पाव. लीलो, तिचा आतेभाऊ काउर आणि त्याची धाकटी बहीण मिर्ट होडी बाहेर काढायला ओढ्यावर गेली, तर तिथे नुसतं पाणी.

होडी एकाच खोडातून कोरलेली. लग्नाच्या वर्षी आजोबांनी ती ताइमी आजीसाठी केली होती. काम नसलं की तिच्यात दगड भरून तिला पाण्यात बुडवून ठेवायचं, कारण असलं लाकूड उन्हाळ्यात वाळलं की तडकतं. दर जुलैला आजी मुलांना तिच्यात बसवून नदीच्या वरच्या वळणावर मासे धरायला न्यायची. मार्चमध्ये आजी गेली. यंदा वल्हं लीलोच्या हाती येणार होतं. आणि आजोबांनी स्पष्टच सांगितलं होतं, दुसरी होडी आता त्यांच्या हातून होणार नाही.

मिर्टच्या मते होडी चोरीला गेली होती. लीलोनं काठाकडे बोट दाखवलं. दगड एकावर एक नीट रचलेले होते.

"तुझा चोर फारच टापटिपीचा दिसतो," काउर म्हणाला.

गवत दबलं होतं. पुढे चाकांच्या खुणा होत्या, मध्ये मध्ये वाळलेलं शेवाळ सांडलं होतं. खुणा घरामागच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबल्या. दाराशी उभी असलेली ट्रॉली पाहून काउरची थट्टा बंद झाली. ती त्याच्या बाबांची होती.

शेडला कुलूप. किल्ली घेऊन काउरचे बाबा, आइवो काका, शहरात गेलेले आणि त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आजोबा आत्याबरोबर आजीच्या थडग्यावर फुलझाडं लावायला गेलेले. खिडकीतून होडी दिसत होती, तापलेल्या पत्र्याखाली, दोन ओंडक्यांवर. तेवढ्यात आतून टक् असा आवाज आला.

काउर बागेतली नळी आणायला धावला. लीलोनं त्याला अडवलं. वाळलेल्या होडीला पाणी कसं द्यायचं हे आजीनं तिला दाखवलं होतं: उपाशी माणसाला जेवण देतात तसं, थोडं थोडं.

खिडकीतून फक्त मिर्टच आत जाऊ शकत होती. बाहेरून दोघं गोणपाटं भिजवून देत राहिली, आतून ती होडीवर अंथरत राहिली. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. दर थोड्या वेळानं काउर बहिणीला हाक मारून विचारायचा, शिजलीस का? ती म्हणायची, अर्धी. दुपारचे तीन वाजले तरी कोणी जेवलं नव्हतं.

आधी आइवो काका आले. कुलूप काढून आत पाहतात तो पायाखाली चिखल.

"कुणी सांगितला हा उद्योग? चार दिवस वाळवतोय मी ती!"

मग त्यांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. सासूबाई गेल्यावर कोणी लक्ष दिलं नाही, म्हणून होडी बुडून कुजत पडली असं त्यांना वाटलं होतं. वाळवून, रंगवून ती सासऱ्यांना दाखवायची होती. शहरात ते रंगच आणायला गेले होते. डबा अजून हातात होता.

आजोबा आले. गोणपाट बाजूला करून त्यांनी होडीवर हात फिरवला. पुढच्या टोकापाशी हातभर लांब भेग होती. भेग जिथे संपत होती तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"इथून पुढे गेली नाही," ते म्हणाले. "अशीच राहिली असती तर संध्याकाळपर्यंत दोन तुकडे झाले असते."

काकांनी खाली मान घालून विचारलं, "मला कोणी सांगितलं का नाही?"

"असलं सगळं तीच सांगायची," आजोबा म्हणाले. "आम्ही कोणी सांगितलं नाही."

मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं आणि मिर्टचे फुगलेले, सुरकुतलेले तळवे आपल्या हातात घेतले. "ताइमीला हे बघायला हवं होतं. तिनं सुद्धा याहून काही वेगळं केलं नसतं."

होडी ओढ्यात परत नेताना पुढचं टोक काकांनी उचललं, मागचं काउर आणि लीलोनं.

जुलै संपत आला आहे. भेग सांधायची आहे. सहल अजून झालेली नाही.