रामफळाचं खोड

"तुमच्या परसातलं सगळं रान एकटं रामफळ खातंय," डॉ. शबनम इनामदार म्हणाल्या. प्रयोगशाळेतल्या पडद्यावर यशोधन टिळेकरांच्या परसाचा नकाशा होता. वर शेवगा आणि पपई, मध्ये कढीपत्ता, खाली सुरण आणि हळद. उन्हाने शेतं करपल्यापासून जालन्याच्या बाजारात भाजी अशी उरलीच नव्हती. यशोधन आणि कुमुद या म्हाताऱ्या जोडप्याचं पोट या रानावरच चालायचं.

झाडांची मुळं एकमेकांना जोडणारं बुरशीचं पोषणजाल बाईंनीच घडवलं होतं. "त्याला एकच नियम ठाऊक आहे. धडधाकट झाडाकडून घ्यायचं आणि सर्वांत अशक्त असेल त्याला द्यायचं. ते सावरलं की पुरवठा थांबतो. हे रामफळ मात्र सावरतच नाही. त्याच्या खड्ड्यात क्षार फार आहेत. काय घातलं होतं?"

"आमच्या निनादची रक्षा," यशोधन म्हणाले. "नदीला पाणी नव्हतं. म्हणून परसातच पुरली आणि वर रोप लावलं."

बाईंनी पडद्यावरच्या रामफळावर बोट ठेवलं. "काका, ते मुळासकट काढा. नाहीतर दोन महिन्यांत सगळं वाळेल."

"पोराला दोनदा घालवू का मी?" कुमुदने घरी विचारलं आणि विषय संपवला.

ती बहिणीकडे गेली त्या दिवशी यशोधननी करवत घेतली आणि रडत रडत झाड कापलं. मग कुदळ उचलली, आणि तशीच खाली ठेवली. पोटच्या पोराच्या राखेत कुदळ कशी घालायची? त्यांनी वीतभर खोड तेवढं राहू दिलं.

परत आल्यावर कुमुदने अबोला धरला. तिसऱ्या आठवड्यात पपई गेली, मग शेवगा. हळद उपटली तर कंद पोकळ. घाबरून यशोधननी बाईंना फोन लावला.

"खोड ठेवलंत?" बाईंचा आवाज उतरला. "अहो, मुळं जिवंत आणि पान एकही नाही. त्याच्याहून अशक्त काय असणार? जाळं शेवटच्या झाडापर्यंत त्यालाच देत राहिलं."

यशोधननी जे ऐकलं ते सगळं कुमुदला सांगितलं. ती जेवता जेवता उठली. पेजेची वाटी घेऊन परसात गेली. सगळीकडे काटक्या झाल्या होत्या. खोडाचा काप तेवढा ओला होता. तिने अर्धी पेज त्याच्या बुंध्याशी ओतली.

"अगं, हे काय करतेस?" आपली वाटी घेऊन मागोमाग आलेल्या यशोधननी विचारलं.

"नियमच आहे ना तुमच्या बाईंचा? त्याच्याहून धडधाकट आता आपण दोघंच उरलोय."

यशोधननी आपली वाटी तिच्या हातात दिली.