तालमीत न म्हणायचं वाक्य

पॅरिसची संगीतिका लंडनला आली की आधी तिला न्हाऊमाखू घालावं लागे. तिथली रखेल इथे चुलतबहीण होई, पलंगाचं जेवणाचं टेबल होई. हे सोवळं करण्याचं काम भाषांतरकार पर्किसकडे असे, म्हणून हॅना टॅप्सकॉटनं त्यालाच गाठलं.

हॅना खाणावळवाल्या म्हातारीची भूमिका करत होती. नाटकाचं शेवटचं वाक्य तिचं होतं : "सगळे आले. दार लावून घ्या." मग पडदा.

"तेवढं बदला, साहेब."

"का हो आई? चांगलं तर आहे." मंडळीत सगळे तिला आईच म्हणत.

"माझा नेड यायचाय अजून."

तिचा मुलगा नेड ज्या फ्रेंच जहाजावर होता ते दोन वर्षांपूर्वी बुडालं होतं. हॅना रडली नव्हती. तिच्या आत काही हलतच नव्हतं. नदीपलीकडे लॅम्बेथमधल्या आपल्या खोलीच्या दाराला मात्र ती कधी कडी घालत नसे. पर्किसनं लिहून दिलं : "अजून एक यायचाय. दार उघडंच ठेवा."

शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही, म्हटलं की नाटक पडतं, असा लंडनच्या नटांचा पक्का समज. त्यामुळे हॅना तिथवर येऊन गप्प राही आणि व्यवस्थापक बॉडली टाळी वाजवून तालीम संपवी.

पहिल्याच तालमीत, टाळीच्या आधी, रिकाम्या प्रेक्षागृहातून कुणीतरी बोललं. फ्रेंचमध्ये.

"कोण रे तो दीडशहाणा?" बॉडली खेकसला. "नाटक पाडतोस का?"

दिवा घेऊन सगळ्यांनी खुर्च्या धुंडाळल्या. कुणी नव्हतं. एक खुर्ची तेवढी ओली होती.

"छप्पर गळतंय," बॉडली म्हणाला. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

"काय म्हणालं ते?" हॅनानं विचारलं.

पर्किस उगाच टोपी झटकत राहिला. "जुनंच वाक्य, आई. सगळे आले, दार लावून घ्या."

पुढच्या तालमीत आवाज पडद्याच्या कडेनं आला. त्यानंतरच्या तालमीत अगदी तिच्या पाठीशी, आणि त्याआधी एक बारीक खोकला. लहानपणापासून नेडला तोच खोकला होता. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. मागे न वळता ती पुटपुटली, "इथे नको उभा राहूस, बाळा. घरी जा. दार उघडंच आहे."

पहिला प्रयोग दुपारचा होता. हॅनानं नवं वाक्य स्वच्छ म्हटलं आणि कान दिला. मागे कुणी बोललं नाही. खोकलाही नाही. पडदा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जिंकलंत, आई!" बॉडली म्हणाला.

पूल ओलांडून ती घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. तिनं दार ढकललं.

आतून कडी होती.

उंबऱ्याखालून पाणी झिरपत होतं.

"नेड," ती म्हणाली. "मी बाहेर आहे रे."

आत कुणीतरी खोकलं. मग वरची कडीही लागली.