एकसष्ट नंबरची टिटवी

रत्नदीप थूल लंगडत आत आला तेव्हा इला भोयर पोहे खात होती आणि हेमराज पोह्यांकडे बघत बसला होता.

वर्ध्यात खासगी गुप्तहेराला काम मिळतं ते बहुतेक लग्नाआधीचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, एवढंच. इला ते नाक न मुरडता करायची. हेमराज हा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ती बहीण, जयवंता, गेल्याला तीन महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्याला रडू आलं नव्हतं की भूक लागली नव्हती. समोर ताट आलं की तो जेवायचा, उचललं की उठायचा. घरी एकटाच भिंतीशी बोलत बसेल म्हणून इलानं त्याला स्कूटर चालवायला सोबत घेतलं होतं. डोक्यानं तो मूळचाच सावकाश, आता तर सगळा आनंदच होता.

"आमच्या घरून टिटवी चोरी गेली," रत्नदीप म्हणाला.

"टिटवी कोण पाळते बाप्पा?" हेमराजनं विचारलं.

"पाळलेली नाई, ॲल्युमिनियमची. माहे बाबा हवाई दलात फिटर होते. लढाऊ विमानाईची एकसष्ट नंबरची स्क्वाड्रन. तिचं चिन्ह टिटवी, पाय वर करून झोपलेली. आभाळ पडलं तर पायावर झेलीन म्हणते ना ते, तशी."

इलानं ताटली बाजूला सारली. रत्नदीप सांगत गेला. स्क्वाड्रनचं पहिलं विमान भंगारात निघालं तेव्हा फिटर लोकांनी त्याच्या पत्र्यातून ही टिटवी ओतली होती. पुढं विमानं तीनदा बदलली, माणसं बदलली, टिटवी तीच राहिली. काही वर्षांपूर्वी शेवटची विमानं निवृत्त झाली आणि स्क्वाड्रन बंद झाली. निशाण आणि चांदीचे चषक सरकारच्या ताब्यात गेले. टिटवीची सरकारदरबारी नोंदच नव्हती. ती रिवाजाप्रमाणं हयात असलेल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे राहायची, म्हणून रत्नदीपच्या बाबांकडे, गुलाब थूलांकडे आली.

"आता नव्या विमानाईले तोच नंबर देऊन राह्यले. उद्या, रविवारी, एक अफसर टिटवी न्याले येते. अन काल सकाळी पाहतो तं कपाट रिकामं. बाबा कालपासून धड बोलून नाई राह्यले. एकच म्हणतात, माह्या हातून स्क्वाड्रन हरवली."

"पोलिसात गेले नाहीत?"

"पोलीस हासतीन मॅडम. भंगारवालाही हात नाई लावनार अशी वस्तू. पण उद्या टिटवी नसली ना, तं बाबा खचतीन."

"आणि पायाला काय झालं?"

"चोर मागच्या दारानं गेला असन म्हणून मागं पाहाले गेलो. खिळा घुसला."

बोरगाव मेघेतलं थूलांचं घर चांगलं नेटकं होतं. वर दुसरा मजला चढत होता. मिस्त्री गुरुवारपासून लग्नाला गेल्यामुळे काम थांबलेलं होतं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली खिळ्याला कपाटाची किल्ली आणि शेजारी रिकामं काचेचं कपाट. कुलूप फोडलेलं नव्हतं.

गुलाब थूल खुर्चीत ताठ बसले होते. समोर वॉकर होता. दोन्ही गुडघे कधीच कामातून गेले होते आणि वाकायचं म्हटलं तरी वाकता येत नव्हतं. खुंटीला कडक इस्त्रीचा जुना गणवेश लटकत होता. मनगटावर घड्याळाच्या जागी कातडीवर पांढरा पट्टा उमटला होता, पण घड्याळ रत्नदीपच्या हातात होतं.

"परवाच देलं बाबानं," तो म्हणाला. "रेडिओ शेजारच्याले देला."

टेबलावर गोळ्यांची पाकिटं होती. इलानं एक उचलून बघितलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"गोळ्या घेता ना बाबा?"

"घेतो ना," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला.

"एक विचारू? नव्या पोरांनी तुमचं विमान पाहिलं नाही, तुम्हाला पाहिलं नाही. मग स्क्वाड्रन तीच कशी?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा मान वळवली. "तेच. विमान भंगारात जाते, माणूस मातीत जातो. नंबर मरत नाई, बाई. नंबर फक्त ठेवून देतात. वेळ आली का काढतात. आमी रोज सकाळी धावपट्टीवर ओळीनं चालत जाओ, माना खाली घालून. खडा, खिळा, स्क्रू, जे दिसन ते उचलाचं. इंजिनात एवढासा खडा गेला का विमान खतम, अंदर बसलेला पोरगा खतम. पायलट वाके, फिटर वाके. नव्या पोराईलेही तसंच वाका लागन. मंग तेच नाई तं काय?" थोडा थांबून तो म्हणाला, "उद्या माही ड्युटी संपत होती. पण आता काय, सोपवाले हातच रिकामे."

चहा घेऊन पौर्णिमा आली. रत्नदीपची मुलगी, कॉलेजातली. आई लहानपणीच गेली, आजोबाच्या बोटाला धरून वाढलेली. डोळे सुजलेले होते. कप घेताना इलाची केसातली पिन खाली पडली. पौर्णिमा बापाशी साखरेबद्दल बोलत होती. बोलता बोलताच ती वाकली, पिन उचलली आणि खिडकीतल्या एका डब्यात टाकून मोकळी झाली. डब्यात टाकल्यावर खण्णकन आवाज आला.

"अगं, ती माझी आहे," इला हसून म्हणाली.

पौर्णिमा ओशाळली. डब्यात हात घालून तिनं पिन परत दिली.

मागच्या अंगणात सळ्या कापायची जागा होती. खिळे, बाइंडिंगच्या तारा, गिट्टी, सगळा राडारोडा. त्यावर निंबाचा वाळका पाला पसरलेला. इला मागच्या दारातून सरळ विटांच्या थप्पीपर्यंत गेली आणि हेमराज तिच्या पाठोपाठ. मग तो उगाचच भिंतीकडे वळला आणि चपलेतून तार टोचून ओरडला.

"इतका वेळ नाही टोचली, भाऊजी?"

"नाई. नशीब."

"कोणी इथं झाडलं का हो?" इलानं हाक मारली.

"कोन झाडते? मिस्त्री आला का पुन्हा तेच," रत्नदीप दारातून म्हणाला.

इला पायाखालच्या पाल्याकडे बघत राहिली.

संशयाला जागा दोनच होत्या. पहिला निकेश. त्याचं वर्ध्यात जुन्या वस्तूंचं दुकान होतं आणि टिटवीवर त्याचा डोळा होता.

"गुरुवारी गेलतो मी, खोटं कायले बोलू?" तो म्हणाला. "म्हातारा विकत नाई म्हणे. मागं गाडी लावली तं खिळ्यानं पंक्चर झाली, ते वेगळंच! त्या घरी पुन्हा पाय नाई ठेवनार."

दुसरे केळझरचे केशवराव उमाटे. तेही एकसष्ट नंबरचेच, गुलाबरावांच्याही आधीचे, पण मधेच दुसरीकडे बदलून गेल्यामुळे टिटवीचा मान हुकलेले. गुरुवारी ते थूलांकडे मुक्कामाला होते. शुक्रवारी सकाळी निघाले आणि तेव्हाच टिटवी नाहीशी झाली होती.

"पाखरू माह्याकडं पाहिजे होतं," केशवराव ओसरीवर येरझारा घालत म्हणाले. "अन त्या नव्याईले काऊन द्यायचं? नुसती पाटी तीच. नेऊच नये असं मले वाटते. बरं झालं गेलं तं."

"मग तुम्हीच घेतलं?"

"घ्यायचंच असतं तं गुलाबच्या डोळ्यादेखत घेतलं असतं!"

इलानं खिशातला एक स्क्रू त्यांच्या वाटेत सोडला. केशवरावांनी तो बघितला, ओलांडला आणि येरझारा चालूच ठेवल्या.

"धावपट्टीवर सकाळी चालत होता का तुम्ही?"

"मी ऑफिसात, टाइपरायटरवर. त्या उन्हात कोन जाते?"

परतताना हेमराज म्हणाला, "हाच आहे. कारणही आहे, संधीही आहे."

"कारण आहे, संधी आहे, पण पाठ वाकत नाही," इला म्हणाली. हेमराजला काही कळलं नाही. त्याला हल्ली फारसं काही कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं.

संध्याकाळी इलानं सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. केशवराव तावातावानं आले होते. निकेश गाडी रस्त्यावर लावून आला होता.

"कुलूप किल्लीनं उघडलं," इला म्हणाली. "किल्ली कुठं असते ते घरात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. म्हणून मी कपाट सोडलं आणि अंगण बघितलं. मागच्या दारापासून विटांपर्यंत एक पट्टा आहे, पाऊलभर रुंद. तिथं खिळा नाही, तार नाही, खडा नाही. म्हणूनच भाऊजींना माझ्यामागं येताना काही टोचलं नाही. वाट सोडली तेव्हा टोचलं."

"कोनी झाडलं असन," निकेश म्हणाला.

"झाडलं असतं तर पालाही गेला असता. पाला जसाच्या तसा आहे. टणक तेवढं वेचलेलं आहे, हातानं. चोरी करताना वाटेतले खिळे कोण वेचतं? ज्याला वेचल्याशिवाय चालताच येत नाही तो."

सगळ्यांनी गुलाबरावांकडे बघितलं.

"त्यांचे गुडघे वाकत नाहीत. रत्नदीपभाऊ त्याच अंगणात खिळ्यावर पाय देऊन आले. निकेशची गाडी तिथंच पंक्चर झाली. केशवराव स्क्वाड्रनचे खरे, पण धावपट्टीवर कधी चालले नाहीत. मी स्क्रू टाकला, त्यांनी ओलांडला." इला खिडकीशी गेली आणि तिनं तो खिळ्या-तारांनी भरलेला डबा वाजवला. "या घरात एकच माणूस न बघता वाकतो. माझी पिनसुद्धा सुटली नाही. पौर्णिमा, आजोबांच्या बोटाला धरून चालायला शिकलीस ना तू?"

 पौर्णिमा उठून मागं गेली. विटा सरकल्याचा आवाज आला. ओढणीत गुंडाळलेली टिटवी तिनं आणून आजोबांच्या मांडीवर ठेवली. पाय वर केलेली, झिजून गुळगुळीत झालेली.

"एकदाच गेली असती तर इतका साफ पट्टा झाला नसता," इला हलक्या आवाजात म्हणाली. "दोन दिवस पुन्हा पुन्हा बघायला जात होती बिचारी."

"काऊन केलं हे, पोट्टे?" रत्नदीपचा आवाज चढला.

"घड्याळ तुम्हाला दिलं, रेडिओ शेजारी दिला, गणवेश काढून ठेवला," इला म्हणाली. "आणि गोळ्या एकही घेतली नाही. बाबा टिटवी सोपवायची तेवढी वाट बघत होते. हे घरात हिनं एकटीनं ओळखलं."

"पाखरू नाई तं रविवार नाई, असं वाटलं मले," पौर्णिमा रडत म्हणाली. "तुमीच म्हणता ना आबाजी, नंबर मरत नाई, ठेवून देतात. मंग तुमी काऊन मरून राह्यले?"

"माणूस नंबर नसते, बाई," म्हातारा म्हणाला. "पाखरू घरी पोचलं. थकलो मी. झाली माही ड्युटी."

 इलाचं काम कोडं सोडवण्याचं, ते सुटलं होतं. यापुढचं तिला येत नव्हतं. तेव्हा कोपऱ्यातून हेमराज बोलला.

"आमच्या पोरीचं लग्न झालं अन बायको म्हणे, सुटली मी आता. प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या तिनं. मले सांगतलं नाई. ती गेल्यावर ज्वारीच्या डब्यात पाकिटं सापडली, सारी भरलेली." इला त्याच्याकडे बघतच राहिली. हे त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. "तिची ड्युटी संपली असन, आबाजी. माही नोती संपली. तिनं मले इचारलं नाई. लय राग येते मले तिचा. रोज येते. तुमी निदान या पोरीले तं इचारा."

 त्याच्या गालावर ओलं लागत होतं. हे आपलंच पाणी आहे हे त्याला उशिरा कळलं.

गुलाबरावांनी टिटवीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"पौर्णिमा," ते शेवटी म्हणाले, "पाणी आन. अन ते पाकीट आन."

रविवारी दुपारी अफसर आला. सडपातळ पोरगा, पौर्णिमाहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. फाटकातून येता येता मधेच थांबला, वाकला, काहीतरी उचलून खिशात टाकलं आणि पुढं आला. आपण काही केलं हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

गुलाबराव खुर्चीतून बघत होते.

"काय होतं?"

"कुठं? अं... तारेचा तुकडा होता, सर."

म्हातारा मोठ्यानं हसला. केशवरावही हसले, मनाविरुद्ध. "दे वं पोट्टे, पाखरू दे त्याले," गुलाबराव म्हणाले.

पौर्णिमानं टिटवी त्याच्या हातात ठेवली. अफसरनं म्हाताऱ्याला सलाम केला. मग जरा संकोचून म्हणाला, "सर, टिटवी कोणी ओतली, कशी ओतली, आमच्यात कोणालाच माहीत नाही. दिवाळीनंतर स्क्वाड्रन पुन्हा उभी राहण्याचा कार्यक्रम आहे. तुम्ही येऊन सांगाल का?"

"दिवाळीनंतर?" म्हातारा विचारात पडला. मग नातीकडे वळला. "दुपारची गोळी कोनती वं? पांढरी का गुलाबी?"

जेवायला सगळेच बसले. भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. हेमराजच्या समोर ताट आलं म्हणून तो जेवला. ताट रिकामं झालं तरी तो उठला नाही. काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटत होतं. ते काय आहे हे समजायला त्याला थोडा वेळ लागला.

"अजून एक भाकर आहे का?" त्यानं विचारलं.

इलानं डोळे पुसले आणि भाकरीची टोपली त्याच्याकडे सरकवली.