उजवीकडच्यासाठी

शनिवारी शेवटचे पाव भट्टीतून निघाले की बेकरीवाला बायकोला गल्ल्यावर बसवायचा, मैद्याचे हात कोपरापर्यंत धुवायचा आणि सायकल बाहेर काढायचा. चर्चमधल्या पुरुषांची सायकल सहभागिता, म्हणजे एकत्र जमून प्रार्थना करायचा नेम, पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, डोक्यातून निघालेली. पुरुष बाकावर बसून मन मोकळं करत नाहीत, चढावर दम लागला की आपोआप बोलायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरात शिरायचं, घामाघूम व्हायचं, कुठेतरी हात धरून प्रार्थना करायची आणि जेवायला घरी परत. सुरुवातीला पुष्कळ जण यायचे. थंडी वाढली तसे एकेकाचे गुडघे बोलायला लागले, आणि नेमाने येणारे उरले तिघंच: पाळक, निवृत्त बसड्रायव्हर काका आणि बेकरीवाला. बेकरीवाल्याचं अंग त्याच्या धंद्याला शोभेसं होतं, त्यामुळे तो कायम सगळ्यांच्या मागे. काकांनी त्याचं नावच शेपूट ठेवलं होतं.

त्या शनिवारी त्याने मेव्हण्यालाही सोबत घेतलं. तिशी ओलांडलेला माणूस, पण नोकरी गेल्यापासून घरात घुम्यासारखा बसून होता. आई लवकर गेली म्हणून बायकोनेच या भावाला वाढवलं होतं.

"चार माणसांत ने त्याला," ती म्हणाली होती. "आणि सांभाळून आण."

डोंगरात दाट धुकं होतं. रेल्वेची जुनी लाईन कधीच बंद पडलेली, रूळही उचलून नेलेले. राहिली होती ती दरीच्या कडेने जाणारी खडीची वाट आणि तिच्या टोकाला एक बोगदा. त्यातून पलीकडे निघायचं, असं पाळकांनी ठरवलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी पोचले आणि मेव्हण्याची चेन उतरली.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊजी. आलोच मी."

"थांबतो की."

"चेन चढवायला किती माणसं लागतात? व्हा तुम्ही."

खूप दिवसांनी तो थोडासा हसला होता. ते हसू मोडायला नको म्हणून बेकरीवाला पुढे झाला.

आत शिरताच हवा बदलली. भिंती पाझरत होत्या. कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात विटांवरची काजळी चमकायची आणि पुन्हा काळोखात जायची. भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे होते, एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढे. गाडी आली की लाईनवरचे कामगार त्यात शिरत, असं काका म्हणाले. बोगद्याला मध्यावर वळण होतं. तिथे पोचल्यावर पुढचं तोंड दिसेना आणि मागचंही दिसेना.

"इथेच थांबू," पाळक म्हणाले. "दिवे बंद करू आणि अंधारात प्रार्थना करू. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्यासाठी मागायचं."

"मेव्हणा यायचाय अजून," बेकरीवाला म्हणाला.

"येईल. वाट एकच आहे, चुकणार कुठे?"

सायकली भिंतीला टेकवल्या, हात धरून गोल केला. दिवे मालवले. असा अंधार बेकरीवाल्याने कधी अनुभवला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळायला पापण्यांना बोट लावून पाहावं लागत होतं. त्याच्या डावीकडे काका होते, काकांच्या पलीकडे पाळक. कुठेतरी वरून पाणी ठिबकत होतं.

मग पावलं आली. खडीवर सावकाश पडणारी, एकट्या माणसाची. सायकल तोंडाशीच ठेवून, आपल्यासारखाच दिवा मालवून आलेला दिसतोय, असं बेकरीवाल्याला वाटलं. त्याने उजवा हात पुढे केला, तो कोणीतरी धरला.

"चढली का चेन?" त्याने हळूच विचारलं.

 उत्तरादाखल हात किंचित दाबला गेला.

पाळकांनी सुरुवात केली. त्यांनी काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मागितलं. काकांनी बेकरीवाल्यासाठी मागितलं, त्यात वजनाचा उल्लेख येऊन गेला, आणि अंधारात पाळक खुदकन हसले. मग बेकरीवाल्याची पाळी. "प्रभू, माझ्या उजवीकडे हा उभा आहे…" तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचं लक्ष त्या हाताकडे गेलं. मेव्हण्याने सकाळी त्याच्यासमोर नवे हातमोजे घातले होते, तळव्याला गादी असलेले. हा मोजा लोकरीचा होता. बोटांची टोकं कापलेली, आणि त्यातून आलेली बोटं गार, खरबरीत. लहानपणापासून नाकाने भट्टीचा ताव ओळखणारा माणूस तो. त्याला वास आला. भिजून कधीच न वाळलेल्या लोकरीचा, धुराचा, गंजाचा. त्याला भीती नाही वाटली, हे तो आजही सांगतो. त्याला फक्त वाटलं, हे काय आहे? त्याने कशीबशी प्रार्थना पुरी केली. "…याला एकटं वाटू देऊ नकोस."

आता उजवीकडच्याची पाळी. 

"बाहेर जा…" आवाज तरुण होता, खूप दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा बसलेला. "आधी त्याच्याकडे जा… तो खाली पडलाय. दरीच्या अंगाला… माझं काय, मी थांबतो."

"आमेन," पाळक म्हणाले, सवयीने.

पुढच्या क्षणी काकांनी दिवा लावला.

बेकरीवाल्याचा उजवा हात अर्धवट मागे ओढलेला, हवेतच होता. समोर पाळकांचा डावा हात तसाच, बोटं कोणाला तरी धरल्यासारखी वाकलेली. दोघांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा होती, आणि तिथे कोणी नव्हतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.  मग बेकरीवाला पळत सुटला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या पुढे होता.

बोगद्याच्या तोंडाशी मेव्हण्याची सायकल उलटी उभी होती, चेन चढवलेली. शेजारी दरीच्या कडेचा लोखंडी कठडा तुटून लोंबत होता. हात पुसताना तो टेकायला गेला असणार. उतारावर, धुक्यात, एका झाडाच्या बुंध्याला तो अडकला होता. मांडीतून रक्त वाहत होतं. श्वासच कोंडला होता, त्यामुळे हाक मारायची ताकद नव्हती. काका त्या वयात बसून घसरत खाली उतरले, पाळकांनी पट्टा काढून मांडी आवळली, आणि बेकरीवाल्याने मेव्हण्याला खांद्यावर घेतलं. वर येईपर्यंत तो एकच बोलत होता, "डोळे मिटू नकोस. तुझ्या ताईला काय सांगू मी?"

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेवर पोचलात. थोडा जरी उशीर झाला असता तर हाताशी काही राहिलं नसतं. बायको बाकावर बसून रडली आणि मग नवऱ्याच्या शर्टाला लागलेलं रक्त ओल्या रुमालाने पुसत राहिली.

मेव्हणा वाचला. सगळं गोड झालं म्हणायचं. पण बेकरीवाल्याला झोप लागेना. पीठ मळताना तो मध्येच थांबायचा आणि उजव्या तळव्याकडे बघत बसायचा.

"त्याने मला सोडलं नाही," एका संध्याकाळी त्याने पाळकांना सांगितलं. "दिवा लागायच्या आधी मीच हात ओढून घेतला, पास्टर. आणि तो म्हणाला, मी थांबतो. थांबतो म्हणजे कोणासाठी तरीच ना?"

पाळकांनी आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. "माझ्याही हातात होता तो," ते म्हणाले. "जाऊ या."

पुढच्या शनिवारी तिघं पुन्हा गेले. मोठे दिवे नेले, दोर नेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोगदा पायाखाली घातला. एकेक कोनाडा पाहिला, चाचपला, खडी उकरली. एक तुटकी काच आणि वटवाघळांची घाण, याखेरीज काही मिळालं नाही. काकांनी रेल्वेतल्या जुन्या ओळखीच्या लोकांकडेही चौकशी केली होती. तिथे काही घडल्याचं कोणाच्या कानावर नव्हतं.

निघण्याआधी ते वळणावर थांबले. दिवे या वेळी चालूच ठेवले. पाळक, काका आणि बेकरीवाला. पण पाळक आणि बेकरीवाला यांनी मध्ये मुद्दाम जागा सोडली, आणि बेकरीवाल्याने उजवा हात त्या रिकाम्या जागेत उघडा धरला.  त्याने डोळे मिटले आणि उजवीकडच्यासाठी प्रार्थना केली. तू सांगितलंस म्हणून आमचा माणूस वाचला. आता तुझं थांबणं संपू दे. घरी जा. असंच काहीसं तो बोलला. हात कोणी धरला नाही. थोड्या वेळाने खांदा दुखायला लागला तसा त्याने तो खाली घेतला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

तिघं उजेडात आले. धुकं नव्हतं, ऊन चांगलं पडलं होतं. काका सायकलवर न बसता तसेच उभे राहिले.

"तुला कोणी सांगितलं रे ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्याचं नाव."

बेकरीवाल्याला वाटलं, काका नेहमीसारखी थट्टा करतायत. त्याने हसून पाळकांकडे पाहिलं. पाळकांचा चेहरा उतरलेला होता.

"मी कुठलं नाव घेतलं?"

"घेतलंस कुठे," काका हळू आवाजात म्हणाले. "हाक मारलीस. दोनदा. धाकट्या भावाला मारावी तशी."

बेकरीवाला आईबापांचा एकुलता एक. आपण नाव घेतल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं. "कोणतं नाव, पास्टर?" त्याने विचारलं. "सांगा ना… कोणतं नाव होतं?"

पाळकांनी मान हलवली. त्यांनी एकवार बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"इथे नको," ते म्हणाले. "तू पहिल्यांदा हाक मारलीस ना… तेव्हा आतून एकाने ओ दिली. दुसऱ्यांदा मारलीस, तेव्हा बऱ्याच जणांनी."