नळीतली ऊब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. आमच्या नेरुळच्या कॉलेजची फिजिक्स लॅब उलव्याच्या नव्या इमारतीत हलणार होती. जुनी उपकरणं चालतात का ते बघायला मी आणि केतन सर आलो होतो. केतन सर पुण्याहून नुकतेच रुजू झालेले. शिपाई कुलूप उघडून जेवायला गेला. बंद खिडकीच्या फटीतून खाडीच्या चिखलाचा वास येत होता.

कोपऱ्यात ती लांब काचेची नळी होती. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्याला माइक. आत वायू भरायचा आणि आवाजाची पट्टी हळूहळू चढवत न्यायची. एका क्षणी नळी घुमू लागते. त्यावरून आवाजाचा वेग कळतो, आणि वायू जितका गरम तितका वेग जास्त, म्हणून वेगावरून त्याचं तापमान काढता येतं.

या कॉलेजात विद्यार्थिनी असताना याच नळीवर मी आणि प्रयोगातली माझी जोडीदार उन्नती शिकलो. ती सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली; हजेरीलाही 'आहे' न म्हणता 'हाय' म्हणायची. मीटरचा काटा हलायच्या आधीच तिला घुमणं कळायचं. हात वर करून म्हणायची, "थांब गो, आयकू दे." शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर काविळीनं ती गेली. त्यानंतर मी प्रयोगाला कुणाबरोबर जोडी केली नाही.

मी नळीत कोरडा नायट्रोजन सोडून तोट्या बंद केल्या. नळी घुमली, पण वेग जास्त आला. केतन सर म्हणाले, गळती असेल. पुन्हा भरला, पुन्हा तेच. एसीनं खोली गारठली होती, आणि आकडा सांगत होता की आतला वायू माणसाच्या अंगाइतका गरम आहे. मी काचेला हात लावला. काच थंडगार होती…

मग आतून, मधोमध, वाफ धरली. विरली. पुन्हा धरली. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा, तशी सावकाश.

केतन सरांनी स्पीकरची वायर उपसली. नळी घुमतच राहिली, खालच्या पट्टीत, गुणगुणल्यासारखी.

मला पळावंसं वाटायला हवं होतं. मी मात्र स्टूल ओढून काचेजवळ बसले आणि हळूच विचारलं, "उन्नती… तू आहेस का गं?"

घुमणं थांबलं. काच स्वच्छ झाली.

आम्ही दोघंही बाहेर आलो. जिन्यात केतन सर थबकले.

"मॅडम, तुम्ही तिथं बोललात ना… तेव्हा माझ्या मागून कुणीतरी मुलगी 'हाय' म्हणाली. मी वळून बघितलं, कुणीच नव्हतं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.