टोपलीतला चौथा

सलग दोन दिवस पहाटे चारला उठायचं, नेकनूरहून बीडजवळच्या पालीपर्यंत गाडी हाणायची आणि तिथं एका माणसानं आभाळाकडं बघून "आज नाही" म्हणायचं, याला सुट्टी म्हणत असतील तर मला आपलं दुकानच बरं. पहिल्या दिवशी वारा होता. दुसऱ्या दिवशी धुकं. उदगीरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला मी असे हेलपाटे घालायला लावले असते तर त्यानं पुन्हा माझी पायरी चढली नसती.

पण गप्प बसणं भाग होतं. गरम हवेच्या फुग्यात बसून सूर्य उगवताना बघायचा, ही शिवांजलीची हौस होती. शिवांजली माझी बायको. सहा महिन्यांपासून ती नेकनूरला माहेरी होती. आषाढात तिला पाचवा महिना चालू होता, पोटात दुखत होतं. काहीतरी बिनसलंय, असं ती फोनवर तीनदा म्हणाली आणि मी गल्ल्यावर बसून तीनदा सांगितलं, काही नाही, वायू धरला असेल, पडून राहा. संध्याकाळी मूल गेलं. ती भांडली नाही. पिशवी भरली आणि माहेरी आली. संक्रांतीला दुकानाला चार दिवस कुलूप लावून मी तिला न्यायला आलो होतो. येते असं ती म्हणाली नव्हती, येत नाही असंही नाही. फुग्यातून उतरल्यावर सांगते, एवढंच बोलली होती.

तिसऱ्या दिवशी पालीच्या धरणावर वारा पडला होता. पाणी बरंच हटलं होतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडला होता. पायलट विजयसिंह, कोल्हापूरकडचा, कामापुरतं बोलणारा. त्यानं आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं. मी अठ्ठ्याहत्तर, शिवांजली एक्कावन्न, तो स्वतः बहात्तर. दोनशे एक किलो. टोपली चौघांची होती, पण मध्ये तिऱ्हाईत माणूस नको म्हणून चौथी जागा मी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली होती.

तिथं सासूबाई आडव्या आल्या. त्यांचं नाव गंगासागर. शाल लपेटून तिन्ही दिवस त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. तिघांनी मिळून कुठं निघू नये, तीन तिघाडा काम बिघाडा, चौथा म्हणून एक दगड संगं घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. फुगा तयार, आभाळ तांबडं व्हायला लागलेलं, आणि इथं दगडावरून खोळंबा. तोंडावर शब्द आले होते, पण शिवांजली माझ्याकडं बघत होती. हा आता काय म्हणतो, तेच ती बघत होती. मग मी मुकाट्यानं गाळापर्यंत गेलो आणि एक दगड उचलला. काळा, गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्याहून मोठा. त्याला पांढऱ्या कापडाचा कुजका धागा चिकटला होता, तो ओढून टाकला. वजन पाव किलो. यात माझी चूक होत नाही. खिळे मी हातानं काढतो आणि काटा नंतर तेच सांगतो.

सासूबाईंनी तो लेकीच्या मुठीत दिला. "नेला तसा परत आण," म्हणाल्या. "मधी सोडायचा न्हाई."

आम्ही वर गेलो. जमीन कधी सुटली ते कळलंही नाही, फक्त खालची माणसं बारीक होत गेली. बर्नर बंद केला की इतकं शांत व्हायचं की खालच्या वस्तीतल्या कुत्र्याचं भुंकणं आणि कुणाच्या तरी बादलीची कडी वाजलेली वर ऐकू यायची. घाटातून उतरणाऱ्या ट्रकांचे दिवे अजून चालू होते. कपिलधारकडच्या डोंगरामागं थोडं धुकं होतं. मग ज्वारीच्या रानांवर ऊन पसरलं, आणि शिवांजली हसली. तिनं टोपलीच्या काठावरचा माझा हात घटकाभर धरला. मनात म्हटलं, गुरुपाद, जमलं बाबा.

विजयसिंहचं मात्र लक्ष सूर्याकडं नव्हतं. टोपली एका अंगाला कलली होती. मोकळा कोपरा होता त्या अंगाला. त्यानं आम्हाला अलीकडं सरकायला सांगितलं, आम्ही सरकलो, तरी ती कललेलीच. मी म्हटलं, सिलिंडर नीट बांधलं नसेल. त्यानं पट्टे ओढून बघितले. सिलिंडर जागच्या जागी होतं.

मग त्याच्या वॉकीटॉकीवर खालून फुग्यामागं येणाऱ्या त्यांच्या जीपमधला माणूस बोलला. "सर, चार जण घेतले का?"

"तीनच आहेत," विजयसिंह म्हणाला.

"बरं." थोडा वेळ नुसती खरखर आली. "न्हाई सर, चार दिसायलेत."

मला हसू आलं, आणि रागही आला. एवढे पैसे मोजायचे आणि खालच्या माणसाला तीन आणि चार कळू नये. मी तसं बोलूनही दाखवलं. शिवांजली हसली नाही. ती माझ्या अंगाला अगदी खेटून उभी होती, आणि तिच्या पलीकडं एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती. तिनं शालीचा पदर तिकडून ओढून घेतला, कुणाच्या पायाखाली येऊ नये तसा. मी म्हटलं, मोकळं उभी राहा की. ती "हो" म्हणाली आणि हलली नाही.

मंद वाऱ्यानं आम्ही पाण्यावर आलो, आणि फुगा खाली जायला लागला. विजयसिंहनं बर्नर सोडला. फुगा थांबला. बर्नर बंद केला की पुन्हा खाली. असं चार-पाच वेळा झालं. त्यानं गॅसचा काटा बघितला, बोटानं टिचकी मारली, पुन्हा बघितला. मी विचारलं तर म्हणाला, तिघांना एवढा गॅस लागत नाही, चौघांच्या वजनाचा जातोय, आणि भरलाय तिघांपुरताच. पलीकडचा काठ अजून अर्धा किलोमीटर होता. खालचं पाणी काळं दिसत होतं, आणि शिवांजलीला पोहता येत नव्हतं.

काय टाकता येईल ते टाका, म्हणाला. पाण्याचा कॅन गेला. माझी पिशवी गेली. माझे बूट गेले. फुगा हटून बसला होता. आता पाणी हाकेच्या अंतरावर आलं होतं. आमच्या सावल्या त्यावर दिसतात का ते बघायला मी वाकलो, आणि मग बघायचं राहू दिलं.

मी म्हटलं, दगड दे.

"न्हाई," शिवांजली म्हणाली. "आईनं सांगितलंय. अन् पाव किलोनं काय होतंय?"

बरोबर होतं तिचं. पाव किलोनं काही होत नाही, हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. पण तीन दिवसांचा सगळा वैताग, ती जीप, ते चार जण, तिचं ते अंग चोरून उभं राहणं, सगळं त्या दगडापाशी येऊन साठलं होतं. मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि दिला.

दगड कोमट होता. तिच्या मुठीत होता म्हणून.

मी हात टोपलीबाहेर काढला. जर्किनची बाही कुठंतरी अडकली, झटका द्यावा लागला.

मग मी तो फेकला.

फुगा उसळला. नुसता वर गेला नाही, उसळला. गुडघे मोडून आम्ही तिघं खाली बसलो. टोपली सरळ झाली होती.

खालून आवाज आला. एवढ्याशा दगडाचा तो आवाज नव्हता.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली.

"सर, कोण पडलं?"

पलीकडं हरभऱ्याच्या रानात आम्ही उतरलो, तर तोवर काठावर गर्दी जमलेली. फुग्यातून माणूस पडलेला अकरा जणांनी बघितला होता. हातपाय मारत पडला, म्हणे. दुपारपर्यंत पोलीस आले, होड्या आल्या, गळ टाकले. मी जबाब दिला. मग फौजदारसाहेबांना दिला, मग त्यांच्या वरच्या साहेबांना. सात वेळा सांगितलं. तीन माणसं चढली, तीन उतरली, वजनाची नोंद आहे, दगड होता, मी दगड टाकला. विजयसिंहनं तेच सांगितलं, फक्त शेवटी पुस्ती जोडली की साठ-सत्तर किलो उतरल्यावरच फुगा असा उसळतो, बाकी मला माहीत नाही. खामखा! शिवांजलीला विचारलं तर ती म्हणाली, मला सांगता येत नाही.

त्यातली एक होडी शहादेव नावाच्या माणसाची होती, तिथंच मासेमारी करणारा. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन दगड कुठून उचलला ते विचारलं. मी जागा दाखवली. तो म्हणाला, तिथं दहावा करतेत. माणूस जाळताना ज्या खड्यानं मडकं फोडतेत, त्यालाच दहा दिवस मेलेलं माणूस समजून पाणी घालतेत. कापडात बांधून ठेवतेत. जीवखडा म्हणतेत त्याला. दहाव्याला पाण्यात सोडून देतेत. पाणी हटलं की खडे वर येतेत, पण आमी हात लावत न्हाई.

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. मला काय माहीत असणार? तसं मी त्याला म्हणालोही, जरा तावातच. तो म्हणाला, तुमचा काय दोष न्हाई साहेब, आणि होडीकडं निघून गेला.

दोन दिवस गळ टाकूनही काही सापडलं नाही. आसपासच्या कुठल्या गावातून कुणी बेपत्ता नव्हतं. फौजदारसाहेब म्हणाले, लोकांना भास झाला असेल, जा तुम्ही. मला केवढं हायसं वाटलं! माझं म्हणणं खरं ठरलं होतं, कागदावर ठरलं होतं. त्याच दुपारी मी नेकनूरला गेलो.

शिवांजली ओसरीवर सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ती बघून माझ्या जिवात जीव आला. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. कुणी सापडलं नाही, कुणी हरवलं नाही, फाइल बंद. ती ऐकत होती, मान हलवत होती.

"म्हणजे दगडच होता," ती म्हणाली.

"दगडच होता."

"एक विचारू? खरं सांगा. खरं सांगितलं तर मी आत्ता तुमच्यासंगं निघते. पिशवी भरलेलीच हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "फेकताना तुमी 'सोड' कुणाला म्हणलात?"

मी म्हणालो, तुलाच म्हणालो. दगड सोड म्हणून.

"दगड तर मी आदीच दिलता तुमाला. माजे दोनी हात टोपलीच्या काठाला होते."

आत सासूबाईंचं भांड्यांचं काम थांबलं होतं. शिवांजली माझ्या तोंडाकडं बघत होती. आषाढात मी फोन ठेवल्यावर ती फोनकडं अशीच बघत बसली असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं. तिला माझ्याकडून फार काही नको होतं. एक वाक्य हवं होतं. आणि ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, कशाला खोटं बोलू.

"कुणी नव्हतं तिथं," मी म्हणालो. "काही नाही. तुला वाटलं असेल."

ती उठली. पिशवी उचलून आत घेऊन गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग मी गाडीकडं गेलो.

त्याला आता महिना झाला. दुकान चालू आहे. सात जबाबांत मी जे सांगितलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यात ते नव्हतं. मी 'सोड' म्हणालो होतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा माझ्या मनगटावरची बोटं एकेक करून सुटली.